गोपनीय पाव

सान रोके पावभट्टी मालक संघाच्या सभासदांनी उजवा हात वर करून शपथ घेतली, तेव्हा नोंग देन्सियोचा हात सगळ्यांत उंच होता. स्वतःच्या लग्नातसुद्धा त्याने इतक्या गांभीर्याने काही कबूल केलं नव्हतं. (आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला नोंग म्हणतात, बाईला नांग.) चर्चमागच्या सभागृहाच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या, कागद उडू नयेत म्हणून पंखे बंद होते, दाराबाहेर कोणी उभं नाही ना हे पुन्हा पुन्हा पाहून झालं होतं. ऐन मे महिन्यातल्या त्या दुपारी घामाने निथळणारी पाववाली मंडळी मिस प्रेसिंगच्या मागोमाग एकेक वाक्य म्हणत होती. या अहवालात जे लिहिलंय ते मी संघाबाहेर कोणाला सांगणार नाही, दाखवणार नाही, आडून आडून सुचवणारही नाही.

"बायकोलासुद्धा," मिस प्रेसिंग म्हणाल्या.

"बायकोलासुद्धा," सगळे म्हणाले.

त्याआधी या संघाकडे गुपित म्हणावं असं काही नव्हतंच. संतांच्या जत्रेला मोठा पाव कोणी भाजायचा हे ठरवायला वर्षातून एकदा जमायचं आणि नूडल्स खाऊन घरी जायचं, एवढाच कारभार. पण मग हायवेवर काचेचं दुकान उघडलं. आत गारवा, मंद संगीत, पाव चिमट्याने उचलायचा आणि तोही कागदाच्या पिशवीत. आमच्या सान रोकेतली माणसं, जी शतकभर पहाटेच्या अंधारात भट्टीपाशी येऊन गरम पाव घेत आली होती, ती ट्रायसिकल रिक्षा करून तिकडे जायला लागली. संघाचे अध्यक्ष नोंग बिदो यांच्या मनिलातल्या चुलतभावाने सांगितलं की मोठ्या कंपन्या अशा वेळी घाबरत नाहीत, लोकांना विचारतात. मग वर्गणी निघाली, इलोइलो शहरातल्या कॉलेजच्या दोन मुली आल्या आणि हसतमुखाने घरोघर फिरून पाहणी करून गेल्या. त्या पाहणीचा हा अहवाल.

नियम मिस प्रेसिंगनी लिहिले होते. त्या संघाच्या सचिव. भावाच्या मागे त्याची भट्टी त्यांच्याकडे आली, पण त्याआधी सगळी उमर त्यांनी हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवलं होतं आणि निम्मे सभासद त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यामुळे नियम वाचून दाखवताना मागच्या रांगेतही कोणी हललं नाही. अहवालाची एकच प्रत, ती सभागृहाच्या कपाटात राहील. ज्या सभासदाला वाचायचं असेल त्याने शनिवारी दुपारी यावं, हात धुवावेत, इथेच बसून वाचावं. संघाने सर्वांनुमते काय करायचं ते ठरवेपर्यंत अहवालात वाचलेल्या गोष्टीवरून कोणी एकट्याने आपला धंदा सुधारू नये, कारण वर्गणी सगळ्यांची आहे. आणि ज्यांनी मुलींना उत्तरं दिली त्यांना नाव बाहेर येणार नाही असा शब्द दिलेला आहे. तेव्हा कोण काय बोललं हे कोणी शोधू नये, तपासू नये, त्यावर तर्कही लढवू नये.

"तर्क मनातल्या मनात केला तर?" नोंग तिबोने विचारलं. तो संघातला सगळ्यांत म्हातारा, आणि विधुर.

"मन तुझं आहे," मिस प्रेसिंग म्हणाल्या. "चेहरा संघाचा."

कपाट उघडलं. वरच्या खणात संत रोकेचा चांदीचा मुकुट ठेवलेला असायचा, त्याच्या शेजारी अहवाल होता. मिस प्रेसिंगनी तो दोन्ही हातांनी बाहेर काढला आणि वाचायला सुरुवात केली.

पहिल्या पानापासूनच मंडळी थक्क झाली. त्यात लिहिलं होतं की पाव घेणारी बहुतेक माणसं आधी पाव हळूच दाबून पाहतात आणि विकणारा बघत असेल तर दाबल्यासारखं दाखवत नाहीत. लिहिलं होतं की नवरा-बायकोचं भांडण झालेल्या घरात त्या सकाळी गोड पाव जास्त जातो. आपण जन्मभर काउंटरपलीकडून ज्या लोकांकडे पाहिलं त्यांच्या मनात काय चालतं ते या कागदावर होतं, आणि ते खरं होतं. नोंग बिदोने तर मध्येच छातीवर क्रूस काढला.

मग शेवटच्या भागात लोकांची बोलणी आली, त्यांच्याच शब्दांत, नावं काढून. मिस प्रेसिंगनी चष्मा पुसला आणि वाचलं: स्त्री, विवाहित, पन्नाशी उलटलेली.

"माझ्या नवऱ्याची स्वतःची भट्टी आहे. घरात पावाला तोटा नाही. पण मी हायवेवरच्या दुकानातून पाव आणते आणि आमच्याच पिशवीत घालून टेबलावर ठेवते. तो खातो आणि म्हणतो, बघ, याला म्हणतात पाव. पूर्वी त्याचा पाव खरंच तसा असायचा. ते दुकान आल्यापासून त्याला घाई झालीय. पीठ फुगायच्या आधीच भट्टीत ढकलतो. भीतीने करतो तो, मला कळतं. पण भट्टीपाशी उभा राहून अजून गातो. गाणाऱ्या माणसाला कसं सांगायचं? आणि सांगितल्यावर त्याचं गाणं थांबलं, तर मी सकाळी कशाने उठू?"

मिस प्रेसिंगनी पान उलटलं नाही.

नोंग देन्सियोचे कान गरम झाले. तो गायचा. पहाटे भट्टीत पावाचा ट्रे सरकवताना त्याच्या तोंडी सतत काही ना काही असायचं. घाईही करायचा, हेही खरं. आणि त्याची बायको एन्सिंग पन्नाशी उलटलेली होती. त्याने मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. त्याने वर पाहिलं असतं तर त्याला दिसलं असतं की सभागृहातला प्रत्येकजण आपापल्या बुटांकडे बघतोय. सान रोकेत मुकाट्याने पाव भाजणारा माणूस आजारी समजला जातो, हेही त्याला आठवलं असतं. पण त्या वेळी त्याला एवढंच वाटलं की माझी बायको एका परक्या मुलीसमोर बसली आणि जे मला इतक्या वर्षांत सांगितलं नाही ते तिला सांगून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेबलाशी बसला. एन्सिंगने कॉफी ठेवली, पिशवीतून पाव काढून ताटलीत ठेवले. एन्सिंग अंगाने भरलेली, चालीने सावकाश आणि स्वभावाने शांत बाई. दुकानाचा काउंटर तीच सांभाळायची. देन्सियोने पाव हातात घेतला. पाव मऊ होता. हा मऊ पाव तो रोज आपलाच समजून खात आला होता का? उलटा करून बुडाचा रंग पाहिला असता तर त्याला ताबडतोब कळलं असतं, पण हात अर्ध्यावर थांबला. कोणी तपासू नये. त्याने पाव परत ताटलीत ठेवला.

"पाव चांगला नाही का?" एन्सिंगने विचारलं.

या प्रश्नाला नियमात बसेल असं उत्तर त्याला सापडेना. "आहे," तो म्हणाला. "पाव आहे."

एन्सिंगने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. दुपारी आलं घालून कोंबडीचा रस्सा केला. त्याने तो मुकाट्याने प्यायला. दुसऱ्या दिवशी भट्टीपाशी त्याच्या तोंडून गाण्याची एक ओळ आपसूक बाहेर पडली आणि त्याने ती तिथेच गिळली, कारण आता आपलं गाणं कोणीतरी ऐकत असतं हे त्याला माहीत झालं होतं. ते न गाणं एन्सिंगला रश्शापेक्षा जास्त काळजीचं वाटलं. तिने नणंदेला बोलावलं, नणंदेने पोट चोळणाऱ्या म्हाताऱ्याला आणलं. म्हाताऱ्याने खोबरेल तेल लावून देन्सियोच्या पोटावर बराच वेळ बोटं फिरवली आणि आत काहीतरी अडकून बसलंय, ते बाहेर पडल्याशिवाय बरं वाटायचं नाही, असं निदान केलं. इतकं अचूक निदान सान रोकेच्या दवाखान्यातही झालं नसतं.

शंका असेल तर सचिवांना विचारावं, असा एक नियम होता. देन्सियो मिस प्रेसिंगच्या घरी गेला. फाटकात नोंग बिदो भेटला, टोपी डोळ्यांवर ओढून घाईने बाहेर पडणारा. जत्रेच्या कामासाठी आलो होतो, असं त्याने न विचारताच सांगितलं. जत्रा व्हायला अजून बराच अवकाश होता.

"मिस, समजा," देन्सियोने सुरुवात केली, "एक सभासद आहे."

"बरं."

"आणि त्याच्या घरी पाव आहे. त्याने त्या पावाकडे नुसतं पाहिलं तर?"

"पाहायला हरकत नाही. निरखायला आहे."

"आणि बायकोला विचारलं, म्हणजे पावाबद्दल नाही, नुसतं विचारलं की तुझ्याकडे मध्यंतरी कोणी मुली आल्या होत्या का?"

मिस प्रेसिंगनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पुन्हा शाळेत जाऊन बसला. "त्या बाईने कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवून तोंड उघडलं, देन्सियो. ती कोण, हे मलाही माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. तिला दिलेला शब्द मोडायला तुम्हा सगळ्यांना एकेक करून माझ्याच दारात..." इथे त्या थांबल्या, कारण आपण दुसऱ्याची गोपनीय माहिती देतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "कॉफी घेशील?" त्यांनी विचारलं.

विचारता येत नव्हतं, तपासता येत नव्हतं. उरला एकच उपाय, आणि तो तर उघड उघड नियमभंग होता. देन्सियोने पाव सुधारायचं ठरवलं.

त्याने भट्टीच्या खोलीला आतून कडी घातली. पीठ मळलं, त्यावर ओलं फडकं टाकलं आणि स्टुलावर बसून ते फुगण्याची वाट पाहू लागला, जशी त्याचा बाप पाहायचा. कोणी दार वाजवलं की तो दचकायचा. स्वतःच्या भट्टीत, स्वतःच्या पिठापाशी नुसता बसलेला माणूस, पण चोरासारखा घाम फुटायचा त्याला. मग फडक्याखालचं पीठ हळूहळू वर यायचं आणि त्याचा वास खोलीभर पसरायचा, तेव्हा मात्र तो सगळं विसरून बघत राहायचा. आपण ही गोष्ट बघणं कधी सोडून दिलं, हे त्याला आठवेना.

बाहेर एन्सिंग बंद दाराकडे पाहत उभी असायची. गाणं बंद, बोलणं बंद आणि आता दारही बंद. त्यात भर म्हणजे दर शनिवारी दुपारी देन्सियो इस्त्रीचा शर्ट घालायचा, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचा आणि कुठे जातो ते न सांगता बाहेर पडायचा. परत यायचा तेव्हा चेहऱ्यावर असा भाव असायचा, की तो चर्चमधून आलाय की दुसऱ्या कुठून, हे कळू नये.

इकडे गावात वेगळाच गोंधळ सुरू झाला. सकाळचा पाव उशिरा मिळू लागला. एका भट्टीचा उशिरा असता तर लोक दुसऱ्या भट्टीवर गेले असते, पण झाडून सगळ्या भट्ट्यांचा पाव उशिरा निघत होता. लोक रांगा लावून थांबायचे. मुलं शाळेत उशिरा पोचू लागली तशी मुख्याध्यापिकाबाईंनी तक्रार केली. ट्रायसिकलवाले न्याहारीशिवाय गाडी काढेनात, त्यामुळे बंदरावरची मासळी बाजारात उशिरा यायला लागली. पाद्रीबाबांनी पहाटेच्या प्रार्थनेला निम्मी बाकडी रिकामी पाहून रविवारच्या प्रवचनात शरीराची भूक आणि आत्म्याची भूक यांवर कडक शब्दांत बोलायचं ठरवलं. त्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी पाव आला. तो खाऊन ते प्रवचनाला उभे राहिले आणि भुकेबद्दल एक अक्षरही बोलले नाहीत. नंतर तर हायवेवरच्या काचेच्या दुकानाचा मॅनेजर, गणवेशाची टोपी खिशात लपवून, नोंग तिबोच्या भट्टीसमोरच्या रांगेत उभा असलेला लोकांनी पाहिला.

रांगेत उभ्या माणसांना कारण कळत नव्हतं. पाव फोडला की आत वाफ असायची. जुनी माणसं तो नाकाशी धरून डोळे मिटायची आणि कोणाकोणाची तरी आठवण काढायची.

संघाची तातडीची बैठक शनिवारी दुपारी बोलावण्यात आली. खिडक्या लावल्या गेल्या, पंखे बंद झाले. अध्यक्ष नोंग बिदो उभा राहिला. त्याचा चेहरा पडलेला होता.

"फार वाईट बातमी आहे," तो म्हणाला. "गावातला पाव सुधारलाय."

कोणी वर पाहिलं नाही. नोंग बिदोने विषय समजावून सांगितला. संघाने अजून काही ठरवलेलं नाही. तरी पाव मऊ झाला, म्हणजे कोणीतरी अहवालाचा एकट्याने उपयोग केला. मग मिस प्रेसिंगनी अहवाल उघडून सगळ्यांसमोर धरला. बाकीची पानं नवीकोरी करकरीत होती. शेवटचं ते एक पान मात्र कडांना मैद्याने पांढरं झालं होतं. हात कितीही धुतले तरी पाववाल्याच्या नखांतला मैदा जात नाही. एकट्याचा अंगठा एवढं पान पांढरं करू शकत नव्हता.

"मी विचारणार नाही," मिस प्रेसिंग म्हणाल्या. "मी वाट पाहीन."

वर्गात त्या हेच करायच्या आणि वर्गात हे कोणालाच सोसायचं नाही. सगळ्यांत आधी खुद्द अध्यक्ष कोसळला. नोंग बिदोने खुर्चीच्या पाठीला धरून कबूल केलं की नियम मोडणारा मी आहे. मी पीठ फुगू देतो. काय करू, ती बाई माझी बायको आहे.

"कोण?" देन्सियो उभा राहिला.

"ती पानावरची. माझी साल्वा."

"कसं शक्य आहे? ती माझी आहे."

"मी गातो," नोंग बिदो म्हणाला.

"मीसुद्धा गातो. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

तिसरा उठला आणि म्हणाला की दोघंही चुकताय, पिशवीत पाव बदलून ठेवण्याची अक्कल फक्त माझ्या बायकोला आहे. चौथ्याने त्याला खाली बसायला सांगितलं. गंमत अशी, की या कबुलीची प्रत्येकाला आतापर्यंत लाज वाटत होती. पण दुसरा कोणी ती बाई आपली म्हणतोय हे ऐकल्याबरोबर लाज कुठल्या कुठे गेली. ते पान प्रत्येकाने इतक्यांदा वाचलं होतं की ते पाठ झालं होतं. पाव वाईट आहे हा भाग केव्हाच मागे पडला होता. मी सकाळी कशाने उठू, एवढंच प्रत्येकाच्या मनात उरलं होतं, आणि ते सोडायला कोणी तयार नव्हता.

"ती माझी आहे," नोंग तिबो कोपऱ्यातून म्हणाला.

नोंग बिदोने हळू आवाजात त्याला आठवण करून दिली की तुझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली.

"माहीत आहे मला," नोंग तिबो म्हणाला. "पण ती असती तर हेच बोलली असती. याच शब्दांत. म्हणून मी दर शनिवारी येतो."

देन्सियोला तर क्षणभर वाटलं की बाई याचीच असावी. पण तेवढ्यात मागून कोणीतरी पुन्हा, नाही, ती माझीच, असं म्हणालं, आणि भांडण पहिल्यापेक्षा मोठ्याने सुरू झालं.

दार धाडकन उघडलं. बाहेर बायका उभ्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या. शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून जाणारा नवरा सान रोकेत एकटा देन्सियोच नव्हता. बायकांनी आपसांत गोष्टी जुळवून पाहिल्या होत्या, नवऱ्यांच्या मागोमाग आल्या होत्या आणि बंद दाराला कान लावून उभ्या होत्या. आत आपले नवरे, ऐन साठीत, ती माझी, नाही ती माझी, असं ओरडत असलेले त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

सगळ्यांच्या पुढे अध्यक्षांची बायको नांग साल्वा होती. तिने सभागृहावरून नजर फिरवली आणि शांतपणे विचारलं, "कोण आहे ती?"

हा एकच प्रश्न तर नवरे स्वतः इतके दिवस स्वतःला विचारत होते.

"नोंग," एन्सिंग देन्सियोला म्हणाली, "घरातली आहे की बाहेरची, एवढं तरी सांग."

खरं उत्तर दोन्ही होतं, देन्सियोच्या मते घरातली आणि बाकीच्यांच्या मते बाहेरची, आणि सांगायला बंदी होती. त्याने केविलवाणेपणाने मिस प्रेसिंगकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आता संघ वाचवायचा की संसार, हे त्या एका बाईच्या हातात होतं, आणि ती अविवाहित होती.

मिस प्रेसिंगनी नियमांचा कागद काढून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला, जसा एखादं अवघड गणित सुटताना मुलीच्या चेहऱ्यावर पडतो. अहवाल सभासदाशिवाय कोणाला दाखवता येत नाही, त्या म्हणाल्या. पण सभासद कोण, तर भट्टी चालवणारी व्यक्ती. पुरुष असावा असं कुठेही लिहिलेलं नाही. काउंटर कोण सांभाळतं? मैदा कोण मोजून घेतं? मग या बायका आजवर सभासद का नाहीत?

हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता, हेच त्याचं उत्तर होतं. ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं, आणि नवऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकत एकमताने हात वर केले. मग बायकांनी हात वर केले. मिस प्रेसिंग एकेक वाक्य सांगत गेल्या आणि बायका मागोमाग म्हणत गेल्या. सांगणार नाही. दाखवणार नाही. कोण काय बोललं ते शोधणार नाही.

"नवऱ्यालासुद्धा," मिस प्रेसिंग म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी त्याच क्षणी घातलं होतं.

"नवऱ्यालासुद्धा," बायका म्हणाल्या.

बायकांनी हात धुतले. नांग साल्वाने ते पान मोठ्याने वाचायला घेतलं. नवरे भिंतीला टेकून उभे राहिले आणि प्रत्येकजण आपल्या बायकोच्या चेहऱ्याकडे श्वास रोखून पाहू लागला. आता कळेल, देन्सियोला वाटलं. चेहऱ्यावर काहीतरी हलेल.

नांग साल्वाचा आवाज शेवटच्या ओळींना आला तसा बारीक झाला. वाचून झालं. बायका हलल्या नाहीत. मग एकीने डोळ्यांना रुमाल लावला, दुसरीने तिसरीचा हात धरला, एन्सिंगने खिडकीकडे तोंड फिरवलं. प्रत्येक चेहऱ्यावर काही ना काही हललं होतं. सगळ्यांवर सारखंच. भिंतीशी उभे असलेले नवरे पाहत राहिले. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर जेवलो, झोपलो, भांडलो, त्या बायकांची ही रांग त्यांना समुद्रासारखी वाटली. काठावर उभं राहून आत किती खोल आहे ते कळायला मार्ग नव्हता.

बैठक संपली. पंखे सुरू झाले. खाणंपिणं झाल्यावर देन्सियो आणि एन्सिंग चालतच निघाले. बंदरावरून खारा वारा येत होता आणि घरोघर संध्याकाळच्या भाताची वाफ सुटली होती.  चॅपेलच्या वळणावर देन्सियोला राहवेना.

"तूच ना ती?" त्याने विचारलं.

"मी शपथ घेतलीय, नोंग."

"मग नाहीस, असं तरी म्हण."

"तेही सांगता येत नाही. एकीने नाही म्हटलं की दुसरीवर संशय जातो. मिस प्रेसिंगनी नीट समजावलंय आम्हाला."

ते आणखी काही पावलं चालले. एन्सिंग मध्येच थांबली. तिने त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"एक सांग," ती म्हणाली. "ती मी असावी असं तुला वाटतं, की नसावी?"

देन्सियोने ताबडतोब उत्तर द्यायला तोंड उघडलं. असावी, तर आपला पाव बिघडला होता आणि हिने लपवलं. नसावी, तर ते बोलणं दुसऱ्या कोणाचं तरी, दुसऱ्या कोणासाठी तरी. तो घर येईपर्यंत विचार करत राहिला. फाटक उघडून एन्सिंग आत गेली, दिवा लावला, पाणी चुलीवर ठेवलं, आणि तो अजून बाहेर पायरीवर उभाच होता. आत काय सांगायचं ते अजून त्याचं ठरलं नव्हतं.

"सावकाश सांग," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी कोणाला सांगणार नाही."